निळ्या बाळांच्या डॉक्टर हेलन टॉसिग

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असा मंडळाचा प्रघात आहे. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी यांच्याविषयी आपल्या भगिनींनी मागे लिहिलेलेच आहे. यंदा मी सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंची ओळख करून देते. त्यांचे नाव डॉ. हेलन टॉसिग. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या लहान मुलांवर आज जगभर ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांची वाट या बाईंनी दाखवली. स्वतः त्यांनी हातात शस्त्र कधी धरले नाही, तरी ही गोष्ट खरी आहे.

हेलनबाईंचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज या गावी झाला. वडील फ्रँक टॉसिग हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. आईही त्या काळच्या मानाने पुष्कळ शिकलेली. चार भावंडांत हेलन धाकटी. ती अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. पुढे हेलनलाही त्या रोगाची झळ लागली आणि बराच काळ तिची शाळा अर्धाच दिवस चाले. त्यात आणखी एक अडचण होती. तिला वाचता येत नसे. अक्षरे डोळ्यांसमोर उलटसुलट होत, ओळ सापडत नसे. आज अशा मुलांची अडचण काय असते हे शिक्षकांना ठाऊक असते, तेव्हा अशा मुलाला सरळ मठ्ठ म्हणत. शाळेने हात टेकले, पण वडिलांनी टेकले नाहीत. एवढा मोठा प्राध्यापक, पण रोज लेकीला जवळ घेऊन एकेक शब्द लावून वाचायला शिकवी. आई नसलेल्या मुलीला बापाने असे शिकवावे, ही गोष्ट मला या चरित्रात फार मोलाची वाटते.

१९२१ साली कॅलिफोर्नियात पदवी घेतल्यावर हेलनबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. तेव्हा हार्वर्डच्या वैद्यकीय कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता. आपल्या आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेतच डॉक्टर झाल्या, पण ते फिलाडेल्फियाचे कॉलेज खास स्त्रियांसाठी काढलेले होते. पुरुषांच्या मोठ्या कॉलेजांची दारे बंदच होती. हार्वर्डच्या एका अधिकाऱ्याने हेलनबाईंना सांगितले, की वर्गात बसा, अभ्यास करा, पण पदवी मिळणार नाही. एका वर्गात बसायला मिळाले तेही मुलांपासून दूर, कोपऱ्यात. मग त्या बॉस्टन विद्यापीठात शरीररचना शिकायला गेल्या. तेथल्या प्रमुखांनी एके दिवशी त्यांच्या हातात बैलाचे हृदय दिले आणि याचा अभ्यास करा असे सांगितले. तेव्हापासून त्यांच्या हातातून हृदय सुटले नाही. त्याच गृहस्थांनी त्यांना बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय कॉलेजात जाण्याचा सल्ला दिला.

आता या कॉलेजात मुलींना जागा कशी होती, हे मंडळातल्या भगिनींनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. १८९० च्या सुमारास हे कॉलेज काढायला विश्वस्तांजवळ पैसे कमी पडले. तेव्हा बाल्टिमोरच्या काही स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी गावोगावी स्त्रियांच्या समित्या काढल्या आणि वर्गणी गोळा केली. तरीही पाच लाख डॉलरांचा आकडा पुरा होईना. तेव्हा त्यांच्यापैकी मेरी गॅरेट या श्रीमंत बाईने एकटीने तीन लाखांहून अधिक डॉलर घातले. पण पैसे देताना अट घातली, की मुलींना मुलांच्याच बरोबरीने, त्याच नियमांनी प्रवेश मिळाला पाहिजे. विश्वस्तांना ती पाळावी लागली. १८९३ साली कॉलेज उघडले तेव्हा पहिल्याच वर्गात तीन मुली होत्या. बायकांनी गोळा केलेल्या वर्गणीतून तीस वर्षांनी एक हेलन टॉसिग डॉक्टर झाली. आपल्या मंडळाची वर्गणी देताना कुरकूर होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिले.

असो. १९२७ साली हेलनबाई डॉक्टर झाल्या. मोठ्या माणसांच्या विभागात काम करण्याची त्यांची इच्छा होती, पण तेथे स्त्रीला एकच जागा आणि ती अगदी थोड्या गुणांनी दुसरीला गेली. म्हणून त्या मुलांच्या विभागाकडे वळल्या. तेथील प्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी १९३० साली मुलांच्या हृदयरोगाचा दवाखाना त्यांच्या हाती सोपवला.

याच सुमारास त्यांना ऐकू येणे कमी होऊ लागले. हृदयाचे डॉक्टर आधी कान लावतात, आणि यांचे तर कानच गेले! त्या समोरच्याच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखायला शिकल्या. आवाज मोठा करणारी नळी त्यांनी वापरून पाहिली. शिवाय हाताने ऐकायची सवय केली. मुलाच्या छातीवर हळूच हात ठेवून ठोका कसा पडतो, कोठे थरथर लागते, हे त्या बोटांनी जाणून घेत. मग अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांच्या पडद्यासमोर मुलाला उभे करून समोरून, बाजूने, तिरके असे त्याचे हृदय पाहत. कोणता कप्पा मोठा दिसतो, कोठे पोकळ दिसते, हे लिहून ठेवीत. दुर्दैवाने मूल दगावले तर त्याचे हृदय तपासून आपला अंदाज बरोबर होता की नाही ते पाहत. वर्षानुवर्षे हेच चालले. ज्या मुलांना काही इलाज नाही असे सगळे डॉक्टर म्हणत, त्या मुलांवर ही बाई वेळ का घालवते, असे पुष्कळांना वाटे.

त्या मुलांना निळी बाळे म्हणत. हृदयाचे काम थोडक्यात असे, की उजव्या बाजूने अशुद्ध रक्त फुप्फुसांत पाठवायचे आणि तेथून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या बाजूने सर्व अंगभर पाठवायचे. काही बाळांच्या हृदयात एकदम चार दोष असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, अंगभर रक्त नेणारी मोठी रोहिणी त्या भोकावरच सरकलेली असते, आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड होतो. मग अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाता तसेच अंगात मिसळते. ओठ, जीभ, नखे जांभळी पडतात. मूल चार पावले चालले की दमते आणि उकिडवे बसते. तसे बसल्याने त्याला बरे वाटते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आमच्या लहानपणी आजोळच्या गावी असे एक मूल होते. त्याच्या आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, असे सगळ्या आळीने ठरवून टाकले होते. मूल गेले तरी बोल राहिलाच. बाळाचे हृदय गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडून जाते. पुष्कळदा तोवर त्या बाईला दिवस गेले आहेत हेही नीट कळलेले नसते. शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, आणि पुष्कळ वेळा त्याचे कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या दिवसांत रुबेला नावाचा गोवरासारखा आजार आईला झाला तर बाळाच्या हृदयाला धोका असतो, काही औषधांनी असतो. ग्रहणाने नव्हे, भाजी चिरल्याने नव्हे.

हेलनबाईंनी एवढ्या मुलांकडे पाहता पाहता एक गोष्ट टिपली. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत. म्हणून दोन मोठ्या रोहिण्यांना जोडणारी एक लहान नळी निसर्गाने ठेवलेली असते आणि जन्मानंतर थोड्या दिवसांत ती आपोआप मिटते. पण काही निळ्या बाळांत ती उघडीच राहते आणि अशी बाळे त्या मानाने बरी असतात. नळी मिटली की बाळ एकदम जास्त निळे होते आणि दगावते. म्हणजे त्या नळीवाटे थोडे रक्त फुप्फुसांत पोचत होते, त्यावरच ते जगत होते! मग जी नळी निसर्गाने मिटवली, तशीच एक नळी डॉक्टरांनी का करून देऊ नये? विचार अगदी साधा, पण तोपर्यंत कोणाला सुचला नव्हता.

बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली एका मुलाची उघडी राहिलेली नळी बांधून बंद केली होती, कारण निरोगी हृदयाला ती उघडी असणे वाईट. हेलनबाई त्यांच्याकडे गेल्या आणि बंद करता तशी नवी नळी करून द्याल का, असे विचारले. त्यांनी मनावर घेतले नाही. बाई परत आल्या आणि आपल्या कामाला लागल्या. १९४१ साली डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक हे जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रियेचे प्रमुख म्हणून आले. हेलनबाईंनी आपला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांनी तो घेतला.

ब्लेलॉक यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस नावाचे एक कृष्णवर्णी गृहस्थ आले होते. त्यांच्याविषयी लिहिले नाही तर हे चरित्र खोटे ठरेल. थॉमस हे मूळचे सुतार. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी पै पै साठवली होती, पण १९३० साली बँक बुडाली आणि शिक्षण राहिले. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले आणि त्यांचा हात असा बसला की मोठमोठे सर्जन त्यांच्याकडून शिकत. पण पगाराच्या कागदावर त्यांची जागा झाडलोट करणाऱ्या नोकरांत होती. गोऱ्यांच्या त्या इस्पितळात काळा माणूस डॉक्टरांचा पांढरा कोट घालून चालला की लोक थांबून पाहत.

हाताकडे जाणारी रोहिणी कापून तिचे तोंड फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीला शिवून टाकायचे, अशी युक्ती ठरली. थॉमस यांनी सुमारे दोन वर्षे, दोनशेच्या आसपास कुत्र्यांवर ही शिवण करून पाहिली. लहान बाळाच्या रोहिणीएवढ्या बारीक कामाला सुया मिळत नव्हत्या, त्या त्यांनी स्वतः तोडून घासून केल्या. चिमटेही स्वतः बदलून घेतले. ज्या बाईने जाळीची नाजूक शिवण केली आहे तिला या कामाची थोडी कल्पना येईल. मात्र आपल्या सुईखालचे कापड धडधडत नसते.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. मुलगी पंधरा महिन्यांची आणि वजन जेमतेम चार किलो. ब्लेलॉक शिवत होते. त्यांच्या उजव्या खांद्यामागे एका स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कसा, किती अंतरावर घ्यायचा, हे सांगत होते. हेलनबाई बाळाच्या उशाशी होत्या. बाळ टेबलावर वाचले आणि दोन महिन्यांनी घरी गेले. पुढे काही महिन्यांनी ते पुन्हा निळे पडू लागले. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण ते वाचले नाही. ही गोष्ट पुष्कळदा गाळून सांगतात. मला ती गाळवत नाही, कारण पुढच्या सगळ्या मुलांची वाट त्या चार किलोच्या पोरीने करून दिली.

१९४५ च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. तिसरा मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला चालणेही होत नव्हते. रक्ताला वाट मोकळी करून देताच टेबलावर त्याचे जांभळे ओठ सर्वांदेखत गुलाबी झाले. पंधरा वर्षे नुसती मरताना पाहिलेल्या मुलांपैकी एकाचा चेहरा हेलनबाईंनी प्रथमच आपल्या डोळ्यांदेखत रंगाला आलेला पाहिला. त्याच वर्षी मे महिन्यात तिन्ही मुलांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नावे ब्लेलॉक आणि टॉसिग यांची होती. थॉमस यांचे नाव नव्हते.

मग देशोदेशींहून आईबाप आपली निळी बाळे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. पाच-सहा वर्षांत हजाराहून अधिक मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. पण माझ्या मते हेलनबाईंचे खरे मोठेपण यानंतरच्या कामात आहे. त्यांना नुसता आकडा नको होता. निळे दिसणारे प्रत्येक मूल या शस्त्रक्रियेने बरे होणारे नसते. फुप्फुसांकडे रक्त कमी जात असेल तरच तिचा उपयोग, नाहीतर अपायच. म्हणून कोणत्या मुलाला टेबलावर घ्यायचे, केव्हा घ्यायचे आणि कोणाला घ्यायचेच नाही, हे त्या स्वतः हात लावून, पडद्यावर पाहून ठरवीत. १९४७ साली त्यांनी जन्मजात हृदयदोषांवर मोठा ग्रंथ लिहिला. लहानपणी ज्या मुलीला ओळ वाचता येत नव्हती, तिच्या या ग्रंथावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. देशोदेशींचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे येऊन राहत आणि परत जाऊन आपापल्या गावी मुलांच्या हृदयाचे दवाखाने काढत.

आपल्या देशाशीही त्यांचा असा संबंध आला. डॉ. एस. पद्मावती या हेलनबाईंच्या हाताखाली शिकून आल्या आणि १९५३ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात रुजू झाल्या. भारतातील पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ त्याच. १०३ वर्षांचे आयुष्य जगून त्या २०२० साली गेल्या.

शस्त्रक्रिया झाली, मूल घरी गेले, की बहुतेकांच्या लेखी काम संपते. हेलनबाईंच्या लेखी ते तेथून सुरू होई. मूल शाळेत जाते का, धावते का, पुढे नोकरी करते का, मुलीचे लग्न झाले का, तिला बाळंतपण झेपले का, याची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली. त्यातून पुष्कळ कळले. शिवलेला जोड फार मोठा झाला तर फुप्फुसात रक्ताचा दाब वाढतो आणि पुढे तेच घात करते. जोड लहान राहिला तर मूल वाढते तसा तो अपुरा पडतो. आणि मुख्य म्हणजे हृदयातले भोक तसेच राहते. ही शस्त्रक्रिया म्हणजे दोष काढणे नव्हे, मुलाला वेळ मिळवून देणे आहे, हे त्यांनी लपवले नाही. १९५४ साली अमेरिकेतच डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून आतले दोष दुरुस्त केले, तेव्हा हेलनबाईंची पुष्कळशी मुले मोठी होऊन त्या दुरुस्तीसाठी हजर होती. आधीचा वेळ मिळाला नसता तर ती तोवर राहिली नसती. आज बाळाच्या पहिल्या वर्षातच पुरी दुरुस्ती करतात. तरी काही अगदी लहान व अशक्त बाळांना आधी हा जोडच देतात. आता त्यासाठी हाताची रोहिणी कापावी लागत नाही, मध्ये कृत्रिम नळी बसवतात.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि हृदयात दोष आढळला तर शस्त्रक्रियेचीही सोय होते. दूध पिताना बाळाला घाम सुटत असेल, दोन घोट पिऊन ते दमत असेल, वजन घेत नसेल, रडताना ओठ जांभळे पडत असतील, तर आयांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

१९६२ साली हेलनबाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले, की जर्मनीत हातपाय नसलेली, खांद्यालाच पंजे फुटलेली बाळे जन्मत आहेत. त्या तडक तिकडे गेल्या. दवाखाने हिंडल्या, आयांना भेटल्या. गरोदरपणी झोपेसाठी आणि मळमळीवर घेतलेल्या थॅलिडोमाइड नावाच्या गोळ्यांनी हे झाले, याची त्यांनी खात्री करून घेतली. अमेरिकेत ते औषध विक्रीला आलेले नव्हते, कारण सरकारी खात्यातील डॉ. फ्रान्सिस केल्सी या दुसऱ्या एका बाईने पुराव्यावाचून परवानगी द्यायचे नाकारले होते. परत येऊन हेलनबाईंनी डॉक्टरांच्या सभांत आणि कायदेमंडळापुढे सारी हकीगत सांगितली. त्याच वर्षी अमेरिकेत औषधांविषयीचा कायदा कडक झाला.

मानसन्मान मिळाले, पण पंक्तीत बायकांना उशिरा वाढतात तसे उशिरा मिळाले. ब्लेलॉक यांना देशातील सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेने १९४५ सालीच सभासद करून घेतले. हेलनबाईंना तो मान १९७३ साली मिळाला. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले तेव्हा १९५९ साल उजाडले होते आणि त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकेच्या हृदयरोग संघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. थॉमस यांना तर आणखी थांबावे लागले. १९७१ साली त्यांचे तैलचित्र इस्पितळात लागले आणि १९७६ साली जॉन्स हॉपकिन्सने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. १९८५ साली ते वारले. त्या शिवणीला आता पुष्कळ डॉक्टर ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग असे तिघांचे नाव देतात.

१९६३ साली निवृत्त झाल्यावरही हेलनबाई रिकाम्या बसल्या नाहीत. आपल्या जुन्या मुलांची खबर घेत, त्यावर लेख लिहीत. त्यांच्या एकूण १२९ लेखांपैकी ४१ निवृत्तीनंतरचे आहेत. समुद्रकाठी त्यांचे एक घर होते, तेथे बागेत काम करत. शेवटी शेवटी त्यांनी पक्ष्यांची हृदये तपासायला घेतली होती. माणसाच्या बाळांत असतात तसे दोष पाखरांतही असतात का, आणि असले तर ते मुळात येतात कोठून, हे त्यांना पाहायचे होते.

२० मे १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियात मतदानाचा दिवस होता. काही मैत्रिणींना हेलनबाई आपल्या मोटारीतून मतदानाला घेऊन गेल्या होत्या. वाटेत दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. पक्ष्यांच्या हृदयांचे काम अर्धे राहिले.